माळ, पाणी आणि एक फास

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे शाळेचे पत्र आले, तेव्हा आम्ही आठवीच्या त्या वर्गातील जुने सोबती दूरध्वनीवरून एकमेकांशी बोललो. कोणी पुण्यात, कोणी नागपुरात, कोणी रिसोड-मालेगावकडे आपल्या शेतावर, तर कोणी वाशिमलाच नोकरीत. कशावर लिहावे याविषयी एकमत व्हायला वेळ लागला नाही. स्नेहसंमेलने, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे कार्यक्रम, सहा डिसेंबरच्या अभिवादनाच्या रात्री, परीक्षेपूर्वीची जागरणे, हे सारे इतर जण लिहितीलच. आम्हा सर्वांच्या तोंडी मात्र एकच दिवस आला. सावित्रीबाईंच्या जयंतीनंतरचा तो रविवार, ज्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी आम्हाला पक्षी पाहायला नेले. हा लेख एकाच्या हातून उतरला असला तरी तो आम्हा सर्वांचा आहे. त्यातील चूकही सर्वांची आहे. म्हणून 'आम्ही' असेच लिहितो.

पक्ष्यांशी आमची ओळख नव्हती असे नाही. आमच्यापैकी बहुतेक जण शेतमजुरांची किंवा दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्यांची मुले. ज्वारी निसवली की मचाणावर बसून गोफण फिरवायची आणि घसा बसेपर्यंत पाखरे हाकायची, हे काम आम्ही लहानपणापासून केलेले. पक्षी म्हणजे कणसे लुटणारा चोर, आणि सापडलाच तर भाजून खाण्याची वस्तू, एवढेच आमचे पक्षिशास्त्र होते. सायंकाळच्या वंदनेत आम्ही पंचशील म्हणत असू. पहिल्या शीलाचा अर्थ परीक्षेत अचूक लिहीत असू. तरीही वसतिगृहातील कित्येक गाद्यांखाली गलोली होत्या. शील आणि गलोल यांचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी शंका आमच्या मनाला शिवली नव्हती.

त्या दिवसाविषयी सांगण्यापूर्वी त्याच्या महिनाभर आधी घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगताना आजही मान खाली जाते.

आमच्या वर्गात पारधी बेड्यावरून आलेला एकच मुलगा होता. त्याचे नाव येथे देत नाही. त्याचीच तशी इच्छा आहे. तो कमी बोलणारा, अभ्यासात मध्यम, आणि घरी आपली वेगळीच भाषा बोलणारा. एके दिवशी आमच्यापैकी एकाचे घरून आलेले ऐंशी रुपये नाहीसे झाले. वसतिगृहात अठ्ठावीस पेट्या होत्या. आम्ही पहिली उघडली ती त्याची. दुसरी उघडण्याची आम्हाला गरजच भासली नाही, कारण पैसे सापडले नसले तरी तिच्यात तळाशी एका फडक्यात गुंडाळलेला घोड्याच्या केसांचा बारीक, काळाभोर पीळ निघाला. कोणीतरी ओरडले, "फासा हाय!" जणू चोरीचा पुरावाच हाती लागला. वसतिगृहाच्या सरांनी तो पीळ काही न बोलता त्याला परत दिला आणि आम्हाला पांगवले. आठ दिवसांनी ते ऐंशी रुपये ज्याचे होते त्याच्याच चादरीच्या घडीत सापडले. आम्ही हसलो आणि विसरून गेलो. तो मात्र विसरला नसावा. त्यानंतर तो जेवायला शेवटच्या ओळीत बसू लागला.

त्या रविवारी पहाटे चार वाजता सरांनी आम्हाला उठवले. धान्य वाहणारा एक टेम्पो ठरवला होता. मावशींनी रात्रीच भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा बांधून ठेवला होता. घोंगड्या, चादरी जे मिळेल ते अंगाभोवती लपेटून आम्ही टेम्पोत दाटीने बसलो. साऱ्यांत मिळून दुर्बीण एकच होती. ती सरांच्या गळ्यात. मंगरुळपीर मागे टाकून टेम्पो कारंजाच्या दिशेने निघाला, तेव्हा चांदण्या अजून मावळल्या नव्हत्या.

आपल्या जिल्ह्याला कोणी निसर्गरम्य म्हणत नाही. येथे ना कोकणातला समुद्र, ना मेळघाटातले डोंगर. काळी जमीन, मधूनमधून मुरमाड माळ, पावसाळ्यात सोयाबीन आणि कपाशी, हिवाळ्यात तूर आणि हरभरा, आणि उन्हाळ्यात डोळे दिपवणारा रखरखाट. सोहोळजवळच्या माळाच्या कडेला टेम्पो थांबला, तेव्हा आम्हालाही हेच वाटले की येथे पाहण्यासारखे काय आहे? गुडघ्याएवढे वाळलेले, पिवळे पडलेले गवत आणि त्यावर धुके. सरांनी ओठांवर बोट ठेवले. आम्ही बांधावर बसून राहिलो.

तांबडे फुटले, आणि गवतातून काहीतरी वर आले. मोठ्या पंखांचा, सडपातळ, फिकट राखी रंगाचा एक पक्षी. मग दुसरा, तिसरा. पाहता पाहता दहा-बारा पक्षी गवतातून उठून पंख वर धरून अगदी खालून तरंगू लागले. सर हळू आवाजात म्हणाले, "भोवत्ये. रात्री झाडावर नाही, याच गवतात जमिनीवर झोपतात." हा शिकारी पक्षी मध्य आशियातील गवताळ मैदानांतून, कझाकस्तानकडून हजारो किलोमीटर उडत हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतो आणि शेताशेतांवरून फिरून टोळ आणि नाकतोडे वेचतो, हे सरांनी सांगितले, तेव्हा आम्ही त्या वाळलेल्या गवताकडे प्रथमच नीट पाहिले. परदेशातून येणाऱ्या पाहुण्याने मुक्कामासाठी निवडावी, अशी ही जागा होती. आम्ही तिला पडीक म्हणत होतो.

"माळ पडीक नसतो," सर म्हणाले. "सात-बारावर तसे लिहिलेले असेल. पण पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते म्हणजे माळाचे पीकच आहे. ते पीक कोणी पेरत नाही, म्हणून त्याचा मालक दिसत नाही, इतकेच."

ऊन वर आले तसे आम्ही शेतांच्या बांधावरून चालू लागलो. हरभरा घाटे धरू लागला होता. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. विजेच्या तारेवर नीलकंठ बसला होता. तो उडाला तेव्हा पंखांतील निळाई अशी उलगडली की आमच्यातील सर्वांत बडबड्या मुलानेही तोंड मिटले. कापशी घार एका जागी हवेत पंख फडफडवत थांबली आणि दगडासारखी खाली आली. तिच्या पायात उंदीर होता. कोतवाल, वेडा राघू, बाभळीच्या काट्यांवर टोळ टोचून ठेवणारा खाटीक, नांगरटीतून तुरुतुरु धावणारा धाविक, आकाशात चढत चढत गाणारा चंडोल. सर नावे सांगत होते, आम्ही वहीत लिहीत होतो, आणि प्रत्येक नावापुढे 'काय खातो' हेही लिहायला सर लावत होते. पान भरत गेले तसे दिसू लागले की आम्ही ज्यांना चोर म्हणत होतो त्यांतले बहुतेक आमच्याच शेतातील किडी, टोळ आणि उंदीर खाणारे होते. गोफणीचा हिशेब कोठेतरी चुकला होता.

याच वेळी सरांच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि सरांमुळे आमच्याही. ओळीच्या शेवटी चालणारा आमचा पारधी मित्र पक्षी दिसण्यापूर्वीच त्या दिशेने मान वळवत होता. तुरीच्या शेतातून भुर्रकन काहीतरी उडाले की आम्ही "काय होते? काय होते?" करत असू; तो स्वतःशीच पुटपुटे, "लावा." पुढे पुन्हा, "हा तित्तर." सर थांबले. त्यांनी गळ्यातील दुर्बीण काढून त्याच्या हाती दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि संकोचून परत केली. मग दोन्ही तळवे तोंडाशी नेऊन त्याने एक आवाज काढला. क्षणभर शांतता, आणि बांधापलीकडून तित्तराने त्याला उत्तर दिले. पुन्हा आवाज, पुन्हा उत्तर. आम्ही पाहतच राहिलो. सात महिने तो आमच्या शेजारी झोपत होता, आणि त्याला काय येते हे आम्ही त्याला कधी विचारले नव्हते.

त्या उत्तराच्या दिशेने जाताना तो एकाएकी थांबला आणि बांधाच्या कडेला बोट दाखवले. बोराटीच्या झुडपाखाली एक तित्तर पंख आपटत होता. त्याच्या पायात फास होता. बांधाच्या कडेने पावलापावलावर खुंट्या ठोकलेल्या, आणि प्रत्येकीला एकेक फास.

आम्हा सर्वांच्या नजरा कोठे वळल्या, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्यापैकी एकजण बोललासुद्धा, "तुह्याच बेड्यावरचा असन."

तो काही बोलला नाही. गुडघे टेकून त्याने आधी आपला रुमाल पक्ष्याच्या डोक्यावर टाकला. तडफड थांबली. एका मुलाने पुढे होऊन पाय सोडवायला हात घातला, तेव्हा तो प्रथमच मोठ्याने बोलला, "पाय वढू नको, मोडन." डाव्या हाताच्या दोन बोटांत पक्ष्याचा पाय धरून उजव्या हाताच्या नखाने त्याने फास मागे सरकवला, सैल केला आणि काढला. पायावर रक्ताची बारीक रेघ होती. मग तो फास त्याने आमच्यापुढे धरला.

"हे तारेचं हाय," तो म्हणाला. "आमचा फासा असता तं गाठ अशी नसती. आमचा आजा केसाचा फासा करे. त्यानं पाखराचा पाय मोडत नाही."

त्याने रुमाल उचलला. तित्तर क्षणभर तसाच बसून राहिला, मग तुरीत धावत शिरला. सरांनी सारे फास उपटून घेतले. ते पुढे अभयारण्याच्या नाक्यावर वनरक्षकाच्या हवाली केले. चालताना आमच्यापैकी कोणी बोलत नव्हते. पेटीतील तो काळा पीळ साऱ्यांच्याच डोळ्यांपुढे होता.

कारंजा-सोहोळचे अभयारण्य काळविटांसाठी राखलेले आहे. जेमतेम अठरा चौरस किलोमीटरचा हा गवताळ प्रदेश. तो अभयारण्य म्हणून जाहीर होऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. काळविटांचा कळप आम्हाला दिसला. एक काळा नर मान वर करून आमच्याकडे पाहत होता. परंतु सरांना आम्हाला ज्या पक्ष्याविषयी सांगायचे होते तो तेथे नव्हता, आणि जानेवारीत तो असणारही नव्हता. तो पक्षी म्हणजे तणमोर.

माळढोकाच्या कुळातील हा पक्षी कोंबडीएवढा असतो. पावसाळ्यात गवत वाढले की तो विणीसाठी येतो. एरवी तपकिरी असलेला नर त्या दिवसांत काळ्या-पांढऱ्या वेषात नटतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मागे वळलेली लांब, फितीसारखी पिसे उगवतात. उंच गवतात मादीला आपण दिसावे म्हणून तो गवताच्या वर माणसाच्या उंचीएवढी उडी घेतो, पंख फडफडवतो, बेडकासारखा आवाज करतो आणि पुन्हा खाली उतरतो. दिवसातून शेकडो वेळा. राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशातील मोजके माळ, आंध्रातील रोल्लापाडू, आणि आपल्या महाराष्ट्रात अकोला-वाशिमचे हे गवत, एवढाच त्याचा आसरा उरला आहे. हे सारे सरांनी पुस्तकातून वाचून सांगितले. शेवटी ते म्हणाले, "मी स्वतः तो कधी पाहिलेला नाही."

"माह्या आज्यानं पायला," आमचा मित्र म्हणाला. आता तो शेवटी नव्हे, सरांच्या शेजारी बसला होता. "तो उडी मारते अन् तितंच उतरते. रोज तितंच. त्याच्यानंच सापडते तो फाश्यात."

आपली म्हणून एक जागा धरावी, तिच्यावर दिवसभर उभे राहून आपण आहोत असे सांगावे, आणि नेमके त्यामुळेच पकडले जावे, ही गोष्ट आम्हा मुलांना फार लागली. आमच्यातील एकाने विचारले, "मंग तुमी त्याले मारत होते?" तो म्हणाला, "पोटासाठी." नंतर थोड्या वेळाने, "आता नाही मारत. आता पोलीस मारतात."

पारधी समाजाचा इतिहास सरांनी त्या दिवशी गवतात बसूनच आम्हाला सांगितला. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला आणि त्याखाली पुढे अनेक जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या कपाळी चोर असा शिक्का. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण शिक्का माणसांच्या मनात तसाच राहिला. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. तो आवश्यकच होता. परंतु ज्यांना शिकारीखेरीज दुसरे काहीच शिकू दिले नव्हते, त्यांचे जगणेही त्याने गुन्हा ठरले. सर एवढेच बोलून थांबले. त्यांनी आमच्या पेटीच्या प्रकरणाचा उल्लेख केला नाही. तो करण्याची गरजही नव्हती. गावच्या विहिरीवर ज्यांच्या आज्यांना पोहरा टाकू दिला नव्हता, जन्मावरून माणूस ठरवणाऱ्या व्यवस्थेला १९५६ साली नागपुरात ज्यांच्या आज्यांनी पाठ फिरवली, त्यांची आम्ही नातवंडे. आणि अठ्ठावीस पेट्यांतून आम्ही एकच पेटी उघडली होती.

भाकरी खाताना तो मधोमध बसला. कोणी त्याला तेथे बसायला सांगितले नाही. आम्हीच सरकून जागा केली.

दुपारनंतर टेम्पो परत वाशिमकडे वळला आणि साडेतीनच्या सुमारास आम्ही एकबुर्जीच्या धरणावर पोहोचलो. सकाळचे कोरडे, पिवळे जग मागे राहिले होते. वाशिम शहर ज्या जलाशयाचे पाणी पिते, तो हिवाळ्याच्या उन्हात चकाकत होता. पाणी ओसरल्यामुळे कडेला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता, आणि त्या पट्ट्यावर जणू जत्रा भरली होती. काठ्यांसारख्या लाल पायांवर चालणारे शेकाटे. शेपटी नाचवणारे धोबी. पाण्यात शेकडोंच्या संख्येने काळे ठिपके दिसावेत तसे वारकरी, कपाळावर पांढरा टिळा लावलेले. चमच्यासारख्या चोचीने पाणी गाळणारे थापटे. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेले हळदी-कुंकू बदक. आणि नारिंगी रंगाची चक्रवाकांची जोडी, जी लडाख-तिबेटकडून येते. उथळ पाण्यात चित्रबलाक उभे होते, गुलाबी पिसांचे, ध्यानस्थ.

सरांनी दुर्बीण पलीकडच्या काठाकडे रोखली आणि बराच वेळ ती डोळ्यांवरून काढलीच नाही. मग एकेकाला जवळ बोलावून दाखवले. पलीकडच्या काठावर सात राखी पक्षी चरत होते. पांढरे डोके, आणि डोक्याच्या मागे दोन काळ्या आडव्या पट्ट्या. "पट्टकादंब," सर म्हणाले. "यालाच राजहंसही म्हणतात. तिबेट आणि मंगोलियाच्या सरोवरांकाठी याचा जन्म होतो. हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटर उंचीवरून उडताना त्याची नोंद झालेली आहे, जेथे माणसाला श्वास घेणेही कठीण असते." आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले. ज्याच्यासाठी राजपुत्र सिद्धार्थ आणि देवदत्त यांचा वाद झाला, तो हंस आम्हाला पाठ्यपुस्तकातील चित्रातून माहीत होता. आता हंस वाशिमच्या चिखलात उभा होता.

साहजिकच आम्ही सिद्धार्थाची गोष्ट काढली. मारणाऱ्यापेक्षा तारणाऱ्याचा हक्क मोठा, हे आम्हाला पाठ होते. सर म्हणाले, "ती तुम्हाला ठाऊक आहे. आज दुसरी ऐका. आणि ही आपल्या घरची आहे."

घरची अशी की, हे आपले वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेत पाचव्या शतकात हरिषेण राजा झाला, आणि त्याच्याच काळात अजिंठ्याच्या डोंगरात लेणी कोरण्याचे काम भरास आले. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळाव्या क्रमांकाचे लेणे भिक्खू संघाला अर्पण केले, असे तेथील शिलालेख सांगतो. शेजारच्या सतराव्या लेण्यातही त्याच काळातील चित्रे आहेत. त्या भिंतीवर हंस जातकाची कथा चितारलेली आहे.

कथा अशी. बोधिसत्त्व तेव्हा हंसांचा राजा होता. राजाने बांधलेल्या एका सुंदर सरोवरावर तो आपल्या थव्यासह उतरला आणि पारध्याच्या फासात सापडला. सारा थवा उडून गेला. एकटा सुमुख नावाचा त्याचा सेनापती मागे राहिला. पारधी आला, तेव्हा एक हंस फासात आणि दुसरा मोकळा, तरीही जवळच बसलेला. पारध्याने विचारले, तू का उडत नाहीस? सुमुख म्हणाला की हा माझा राजा आहे, माझा मित्र आहे. याला टाकून मी कसा जाऊ? याच्याऐवजी मला घे. ते ऐकून पारध्याचे मन द्रवले. त्याने स्वतःच्या हातांनी फास सोडवला, हंसाच्या पायाची जखम धुतली आणि दोघांनाही मोकळे केले.

"सिद्धार्थाच्या गोष्टीत," सर म्हणाले, "एक मारणारा आहे आणि एक वाचवणारा. ती दोन माणसे आहेत. या गोष्टीत ती दोन नाहीत. फास लावणारा आणि फास सोडवणारा एकच आहे. बुद्धाच्या धम्मात माणसावर कायमचा शिक्का नाही, तो याच्यामुळे."

ऊन उतरत चालले होते. अठ्ठावीस मुलांपैकी कोणाकडूनही बराच वेळ आवाज आला नाही. मग ज्याचे ऐंशी रुपये हरवले होते तो उठला, आणि आमच्या पारधी मित्रासमोर जाऊन उभा राहिला. क्षमा कशी मागावी हे आम्हाला कोणालाच शिकवलेले नव्हते. तो एवढेच म्हणाला, "पैसे माह्याच चादरीत होते. मी तुले सांगतलंच नाही." आणि पुढे काय बोलावे हे न सुचून त्याने विचारले, "तो केसाचा फासा कसा करतात, दाखवशील?"

तो फासा त्याने त्या दिवशी बरोबर आणला होता. शर्टाच्या खिशात, त्याच फडक्यात. आज्याची तेवढीच वस्तू त्याच्यापाशी होती. आजा त्याच वर्षी गेला होता. पाण्याच्या काठी बसून त्याने एक गाठ घालून दाखवली, आणि मग ती एका बोटाने अलगद सोडवून दाखवली. आमच्यातील प्रत्येकाने प्रयत्न केला. गाठ सर्वांना जमली. सोडवायला कोणालाच जमेना.

"आजा आधी सोडवायचं शिकवे," तो म्हणाला. "मंग बांधायचं."

सूर्य टेकला तेव्हा ते सात राजहंस एकदम उठले, जलाशयावरून एक वळसा घेऊन आमच्या डोक्यावरून गेले. त्यांच्या पंखांचा आवाज आम्हाला ऐकू आला. त्या रात्री वसतिगृहात परतल्यावर आमच्यापैकी काहींनी गलोली चुलीत घातल्या. सर्वांनी घातल्या असे खोटे लिहिणार नाही. पण त्यानंतर तो शेवटच्या ओळीत कधी बसला नाही.

या गोष्टीला आता वीसहून अधिक वर्षे झाली. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा; या दोन दिवसांमधला आठवडा आज महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो, आणि शाळांची मुले दुर्बिणी घेऊन तलावांवर जातात. ते पाहून समाधान वाटते. परंतु तणमोराची स्थिती त्या दिवसापेक्षा कितीतरी बिकट झाली आहे. २०२१ साली जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत त्याचा समावेश झाला. माळ नांगरले गेले, गवताच्या जागी सोयाबीन आले, फवारणीने टोळ संपले. उडी मारण्यापुरतीही जागा त्याला उरली नाही. या काळोखात आपल्याच जिल्ह्यात एक दिवा तेवतो आहे. कारंजा लाड येथील 'संवेदना' ही संस्था आणि कौस्तुभ पांढरीपांडे यांच्यासारखे कार्यकर्ते फासेपारधी समाजाला बरोबर घेऊन तणमोराच्या आणि गवताळ माळांच्या रक्षणासाठी काम करत आले आहेत. ज्यांना तणमोर कोठे उतरतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, तेच आता त्याच्या गवताची राखण करतात. अजिंठ्याच्या भिंतीवरील ती कथा आपल्या माळावर पुन्हा घडताना आम्ही पाहत आहोत.

आमचा मित्र आज शिक्षक आहे. मागच्या श्रावणात त्याने आम्हा पाच-सहा जणांना त्याच माळावर नेले. पावसाने गवत कमरेएवढे झाले होते. पहाटेपासून आम्ही बांधावर बसून राहिलो. लावे ओरडले, तित्तराने हाक दिली, चंडोल चढत चढत गेला. तणमोर दिसला नाही. आमच्यापैकी एकाचा मुलगा बरोबर होता, तो कंटाळून म्हणाला, "काका, तो येणारच नसेल तर आपण इथे कशाला बसलोय?"

आमच्या मित्राने त्याला गवताकडे बोट करून दाखवले. "गवत हाय ना अजून," तो म्हणाला. "गवत हाय तोवर वाट पाहता येते."

शाळेने आम्हाला पुष्कळ काही दिले. अक्षरे दिली, पोटभर अन्न दिले, बाबासाहेबांचे विचार दिले. पण ज्या दिवशी शाळेने आम्हाला वर्गाबाहेर नेऊन एका कोरड्या माळावर आणि एका चिखलाच्या काठावर गप्प बसवले, त्या दिवशी आम्ही पहिल्या शीलाचा अर्थ परीक्षेच्या बाहेर प्रथमच वाचला. आज शाळेत शिकणाऱ्या मुलांना आमचे एकच सांगणे आहे. एकबुर्जी फार दूर नाही. हिवाळ्यात एकदा जा. आणि जाताना जो सर्वांत शेवटी, एकटा चालत असेल, त्याला आधी विचारा की त्याला काय ऐकू येते आहे.